रिकाम्या बाकांचा तास

या, असे दाराशी उभे राहू नका. पुढं सरका, थंडी आहे, एकमेकांना लागून बसलात तर ऊबही मिळेल आणि आवाजही चढवावा लागणार नाही. गोष्ट एका मुलीची आहे. तिच्यात राजा नाही, राक्षस नाही, आकाशवाणी नाही. एक रिकामी खोली आहे, पाच परीक्षक आहेत आणि वीस मिनिटं आहेत. पण शेवटपर्यंत बसलात तर कुणी रित्या मनानं उठणार नाही, एवढं वचन आहे.

जोंजू शहरातल्या एका माध्यमिक शाळेत ऑक्टोबरातल्या मंगळवारी चौथ्या तासाला प्यो दासोम नावाची तात्पुरती चित्रकला शिक्षिका वर्गापुढं उभी होती. टेबलावर पांढरं कापड, कापडावर एक मोठी नाशपती, आणि खिडकीतून आलेल्या उन्हानं नाशपतीच्या अंगाखाली अंथरलेली सावली. सावली काळी असते हे मुलांच्या डोक्यातून काढायचं, असा तासाचा हेतू होता. दासोमनं विचारलं, ही सावली कुठल्या रंगाची दिसते? आणि तिसऱ्या रांगेतल्या यरूम नावाच्या मुलीकडं हात करून ती लगेच म्हणाली, "बरोबर, निळसर. यरूम म्हणतेय निळसर. छान." खडू उचलून ती फळ्याकडं वळली. तेवढ्यात मागून आवाज आला, भांडणाचा नाही, तक्रारीचाही नाही, कुणी सहज पत्ता दुरुस्त करून द्यावा तसा. "बाई, मी काही बोललेच नाही."

वर्ग हसला. दासोमही हसली. तिनं निळसर हा शब्द फळ्यावर लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. तास पुढं गेला, मुलांनी नाशपत्या काढल्या, घंटा झाली. पण हात धुताना नळाखालच्या पाण्याकडं ती पाहत राहिली. कारण खोटं ती बोललीच नव्हती. तिला ऐकू आलं होतं. यरूमचं 'निळसर' तिनं स्वच्छ ऐकलं होतं, किंचित घोगऱ्या आवाजातलं, शेवटचं अक्षर ओढलेलं. मग तो आवाज कुणाचा होता? आणि असे किती आवाज गेल्या तीन वर्षांत तिनं ऐकले होते, जे कुणाच्याच गळ्यातून निघालेले नव्हते?

त्या आवाजांचा उगम तिला ठाऊक होता, फक्त त्याच्याकडं मान वळवून पाहायची हिंमत नव्हती. सरकारी शाळेत कायमची शिक्षिका व्हायचं तर नेमणुकीची परीक्षा द्यावी लागते. नोव्हेंबरात लेखी. त्यात टिकलं तर जानेवारीत चित्र काढून दाखवायचं, पाठाची योजना लिहायची, मुलाखत द्यायची, आणि सगळ्यांत शेवटी पाठ घेऊन दाखवायचा. मुलांशिवाय. वर्गखोलीत बाकं असतात, फळा असतो, खडू असतात, भिंतीशी पाच परीक्षक असतात. मुलं तेवढी नसतात. उमेदवारानं रिकाम्या बाकांकडं पाहून प्रश्न विचारायचा, रिकाम्या बाकानं उत्तर दिलं असं समजायचं, आणि परीक्षकांना ते ऐकू यावं म्हणून उत्तर स्वतःच मोठ्यानं म्हणायचं. वाकून रिकाम्या कागदाचं कौतुक करायचं. रिकाम्या बाकांमधून फेरी मारायची, आणि मारताना शेवटच्या बाकापर्यंत जायचं, कारण तिथवर न जाणाऱ्यांचे गुण कापतात असं सगळे सांगत. दासोमनं दोनदा हा पाठ दिला होता आणि दोनदा थोडक्यात राहिली होती, दोन्ही वेळा पाठातच. मधल्या काळात तिनं या रिकाम्या बाकांपुढं किती तास घेतले असतील त्याची मोजदाद नाही: अभ्यासगटाच्या भाड्याच्या खोलीत, स्वतःच्या खोलीत कपडे वाळवायच्या घोडीपुढं, बसथांब्यावर ओठांतल्या ओठांत. तिची ती मुलं कधी आजारी पडत नसत, त्यांचा हिरवा रंग कधी संपत नसे, आणि प्रश्न तिच्या तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत त्यांची उत्तरं तयार असत. हीच ती मुलं आता खऱ्या मुलांच्या अंगावर येऊन बसली होती.

शनिवारी ती मा बाईंकडं गेली. मा बाई म्हणजे तिच्या महाविद्यालयातल्या अध्यापनाच्या शिक्षिका. पस्तीस वर्षं शाळांत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या आणि मग चित्रकलेचे शिक्षक घडवण्याच्या मागं लागल्या. परीक्षेत राहिलेल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना त्या अजूनही शनिवारी बोलवत, मोकळ्या वर्गात, हीटर बंद असला तरी. पाठाची योजना कशी लिहायची ते त्या स्वयंपाक शिकवावा तशी शिकवत. कागदावर तीन रकाने: डावीकडं शिक्षक काय बोलेल, उजवीकडं साहित्य आणि खबरदारी, आणि मध्ये मुलं काय करतील, काय म्हणतील. बहुतेकांचा डावा रकाना ओसंडून वाहत असे आणि मधल्यात एकच वाक्य रांगेनं उभं असे, विद्यार्थी उत्तर देतात, विद्यार्थी उत्तर देतात. बाई लाल पेन्सिलीनं त्या वाक्यापुढं 'कोण?' असं लिहीत. दासोमच्या कागदांवर असे 'कोण?' बरेच साचले होते.

यरूमचं सांगून झाल्यावर दासोमला वाटलं, बाई आता धीर देतील. बाई आधी पोट धरून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, तुझी मुलं केव्हाच पास झालीत. तूच तेवढी राहिलीस."

दासोमचे कान तापले. ती म्हणाली, परीक्षेत गप्प राहून चालतं का? तिथं वीस मिनिटं असतात. अभ्यासगटातला चा इनग्यू तर म्हणतो, तीन सेकंद शांतता झाली की परीक्षकांना वाटतं उमेदवार पाठ विसरला. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की परीक्षेचं नंतर पाहू; आजपासून महिनाभर तू योजना लिहायची नाहीस. तास झाला की कागद घ्यायचा, डावा-उजवा रकाना कोरा सोडायचा, आणि मधल्यात फक्त तेच लिहायचं जे एखाद्या मुलाच्या तोंडून खरोखर निघालं. कुणी गप्प राहिलं तर एक गोल काढायचा. गोल केवढा होता तेही लिहायचं. श्वासात मोजायचं, घड्याळात नाही, घड्याळाकडं पाहिलंस की मुलांना कळतं.

पहिल्या आठवड्याचा मधला रकाना वाचून दासोमला रडू आलं. बाई, खिडकी उघडू? बाई, हिरवा संपला. बाई, याला सांगा ना. बाई, हे परीक्षेला आहे का? आणि खाली, जिथं तिनं रंगाबद्दल, आकाराबद्दल, पाहण्याबद्दल विचारलं होतं, तिथं नुसते गोल, एकाखाली एक, दोन श्वासांचे, तीन श्वासांचे. तिसऱ्या श्वासाला प्रत्येक वेळी तीच मध्ये पडली होती. तिला वाटलं, आपण इतकी वर्षं एका ओसाड गावात कारभार पाहत होतो. शिक्के मारत होतो, हुकूम काढत होतो, आणि गावात माणूस नव्हतं.

त्या गोलांकडं पाहता पाहता तिला गुनसानमधली आपली शाळा आठवली. बंदराजवळची, जिथं वर्गात बसल्या बसल्या खारट वास यायचा. चित्रकलेच्या सरांनी एका नावेचं चित्र दाखवून विचारलं होतं, ही नाव कुठं चालली असेल? दासोम, तू सांग. ती उभी राहिली. तिच्या मनात नाव चालू लागली होती, धक्क्यापासून सुटली होती, आणि ती कुठं वळते हे पाहायला तिला थोडाच वेळ हवा होता. सर म्हणाले, छान, बस, पुढचा. छान कशाला म्हणाले ते तिला कधीच कळलं नाही. ती बसली, आणि नाव तशीच राहिली, धक्क्यापासून हातभर अंतरावर, वीस वर्षं. या एका आठवणीतून दुसरी निघाली. उन्हाळ्यात पितरांच्या पुनवेला आई तिला डोंगरावरच्या बौद्ध मंदिरात न्यायची. तिथले म्हातारे भिक्खू ढोलकीच्या साध्या ठेक्यावर प्रवचन गाऊन सांगत. माणसं आईच्या पोटात कशी येतात, जगात कशी हरवतात, शेवटी हातात काय घेऊन निघतात. गाता गाता ते मध्येच थांबत आणि समोरच्या बायकांना विचारत, सांगा, तुम्ही काय घेऊन निघणार? आणि ढोलकी मांडीवर आडवी ठेवून गप्प बसत. किती वेळ तरी. माशी फिरे, कुणाचा गुडघा कडकन वाजे, कुणी हुंदका गिळे. लहानग्या दासोमनं आईला विचारलं होतं, त्यांना पुढचं येत नाही का? आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला आणि उतरताना पायऱ्यांवर सांगितलं, "ते गप्प बसतात ना, तेव्हाच खरं प्रवचन चालू असतं. गाणं आपल्याला तिथवर आणून सोडतं, बस."

दुसऱ्या आठवड्यात ती तिसऱ्या श्वासाला मध्ये पडली नाही. चौथ्या श्वासाला वर्ग चुळबुळला. पाचव्याला कुणीतरी मुद्दाम खोकलं. सहाव्याला तिच्या घशात 'बरं, मी सांगते' येऊन उभं राहिलं आणि तिनं ते गिळलं. सातव्याला मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचं नाव तिला हजेरीशिवाय कधी घ्यावं लागलं नव्हतं, म्हणाला की नाशपतीला एक बाजू नाहीये, उन्हानं ती खाऊन टाकलीये. दासोमला त्याच्याकडं पाहून हसता आलं नाही, फळ्याकडं वळून खडू शोधत राहावं लागलं. महिन्याच्या शेवटी नाशपतीचा तास तिनं पुन्हा घेतला, आणि सावलीचा तोच प्रश्न पुन्हा यरूमला विचारला. नऊ श्वास गेले. यरूम म्हणाली, "काळी नाहीये, बाई. पण काय आहे ते मला म्हणता येत नाही." दासोमनं ते जसंच्या तसं मधल्या रकान्यात लिहिलं. शनिवारी मा बाईंनी लाल पेन्सील उचलली, खाली ठेवली, आणि चहा मागवला.

नोव्हेंबरात लेखी झाली. त्यात ती टिकली, आणि मग धास्ती परत आली. कारण शाळेतला महिना खरा होता, पण परीक्षेची खोली रिकामीच असणार होती. थांबायचं ते कुणासाठी? खऱ्या मुलासाठी थांबणं वेगळं, तिथं समोर एक छाती वरखाली होत असते. अभ्यासगटात तिनं थांबून पाहिलं तर चा इनग्यू दहा बोटं मोजून म्हणाला, दासोम, परीक्षक जेवून येतील तोवर. यंदा सहा जागा होत्या, पुढच्या वर्षी एकही नसेल अशी कुजबुज होती. आईचं गुनसानच्या बाजारात भाज्या-लोणच्यांचं दुकान. तिच्या मनगटांना आता मुळ्याच्या टोपल्या झेपत नव्हत्या, आणि दासोमनं कबूल केलं होतं की ही शेवटची खेप, नाही झालं तर दुकान. आईनं कधी टोचलं नाही. तिचं एकच गाऱ्हाणं होतं. दासोमचा वाढदिवस जानेवारीत, नेमका परीक्षेच्या आठवड्यात. वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप प्यालंच पाहिजे आणि परीक्षेआधी ते पिता कामा नये, बुळबुळीत असतं, नशीब त्यावरून घसरतं. तेव्हा तीन वर्षं सूप नाही. आई फोनवर म्हणे, या हिशेबानं तू अजून सव्वीसचीच आहेस, पोरी, घाई कसली करतेस.

परीक्षेच्या सकाळी नऊ उमेदवार एका वर्गात येऊन बसले. बाहेरचे बूट काढून सपाता घातल्या, फोन पिशवीत घालून दिले, चिठ्ठ्या उचलल्या. दासोमला आठवा क्रमांक आला. इथून पुढं नाव संपलं. नाव सांगितलं तर बाद. ठरावीक वेळानं एकेक करून माणसं उठून जात आणि परत येत नसत. दुपारी डबे उघडले तेव्हा तिघंच उरली होती. नववी चिठ्ठी जिला आली होती ती मुलगी दासोमच्या शेजारीच होती, तपकिरी मोजे, एका मोज्याच्या टाचेला वेगळ्या रंगाचा रफू. बोलायची मनाई होती. नववीनं डबा उघडला, झाकण लावलं, तिच्याच्यानं खाववेना. आणि मग त्या शांततेत तिच्या पोटातून असा लांबलचक गुरगुराट निघाला की पर्यवेक्षकानं वर पाहिलं. दोघी खाली मान घालून हसल्या, खांदे हलेपर्यंत. मग नववी जेवली.

आठव्याला बोलावणं आलं. आधी योजनेची खोली. कागदावर विषय होता: उरलेल्या कापडाचे तुकडे जोडून केलेलं गाठोड्याचं वस्त्र, आधी ते पाहायला शिकवा, मग मुलांकडून तशी रचना करून घ्या, विद्यार्थ्यांशी संवाद दोनदा तरी दिसावा. सोबत एका वस्त्राचं छायाचित्र, जाळीदार तागाचं, उजेडासमोर धरलेलं, शिवणी काळ्या रेघांसारख्या. दासोमचा हात आपोआप चालला. डावा रकाना भरला. त्यातच तिनं प्रश्न लिहिला: शेवटचा तुकडा तुम्ही कुठला लावाल? आणि त्यापुढं मधल्या रकान्यात उत्तर लिहायला गेली, मधला, लाल, लक्ष वेधतो म्हणून. असं सुबक उत्तर तिच्याजवळ तयार होतं. तिनं पेन टेकवलं, आणि उत्तराच्या जागी एक गोल काढला. पुढं काय होणार हे आता तिलाही ठाऊक नव्हतं.

खोलीत सूर्य तिरपा आला होता. पाच परीक्षक, पाच पेनं, कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही. तिनं क्रमांक सांगितला, वाकून नमस्कार केला, सुरुवात केली. छायाचित्र दाखवलं, शिवणी दाखवल्या, पहिला संवाद ठीक झाला. मग ती तिसऱ्या रांगेतल्या बाकाजवळ गेली, जरा वाकली आणि विचारलं, शेवटचा तुकडा तू कुठला लावशील? आणि थांबली.

एक श्वास. दोन. पेनं चालू होती. तिसऱ्याला चालू राहिली. चौथ्याला एक थांबलं. आता तिच्या आत सगळे एकदम बोलू लागले. इनग्यू बोटं मोजत होता, बाजारातल्या मुळ्याच्या टोपल्या होत्या, आईची मनगटं होती, भिंतीवरचं घड्याळ होतं ज्याच्याकडं पाहायचं नव्हतं. लाल, मधला, असं उत्तर जिभेच्या टोकावर येऊन ओठ ढकलत होतं. एवढं एक म्हणून टाकलं तर सगळं पुन्हा नेहमीच्या वाटेला लागणार होतं. पाचवा. बाक रिकामं होतं. किती रिकामं होतं ते तिला या क्षणी पहिल्यांदा दिसलं, लाकडावरचा ओरखडा, कडेला सुकलेला डिंक. आजवर तिनं या बाकांवर मुलं ठेवली होती ती बाक न पाहताच. सहावा. आणि तिला जाणवलं की भीती निघून गेलीये. ती आता परीक्षकांसाठी थांबली नव्हती, गुणांसाठी नाही, मा बाईंसाठी नाही. ती ऐकायला थांबली होती. सातव्या श्वासाला मधल्या परीक्षकानं मान वळवून त्या बाकाकडं पाहिलं. मग शेजारच्यानं. मग एकेक करून पाचही जणं, ज्यांनी सकाळपासून सात उमेदवारांकडं पाहिलं होतं, ती एका रिकाम्या बाकाकडं पाहू लागली, आणि तीही थांबली होती.

आणि उत्तर आलं. ते तिनं रचलं नव्हतं याची खूण अशी, की ते तिच्या योजनेच्या मुळावर येणारं होतं. शेवटचा तुकडा लावायचाच नाही, बाई. तिथून पलीकडचं दिसतं.

आवाज यरूमचा नव्हता. नावेपाशी उभी राहिलेली ती स्वतःही नव्हती. ही मुलगी तिच्या ओळखीची नव्हती. ही तिला अजून भेटायची होती, पुढं कधीतरी, कुठल्याशा शाळेत, तिसऱ्या रांगेत. दासोमनं ते उत्तर मोठ्यानं म्हटलं नाही. ती बाकाशी उकिडवी बसली आणि हळू म्हणाली, "हे मी सांगू सगळ्यांना, की तू सांगशील?" पुन्हा थांबली. "बरं. तूच सांग." मग उठून एका बाजूला झाली, त्या मुलीला बोलायला वर्ग मोकळा करून दिला, आणि सगळा वेळ तिच्याकडंच पाहत राहिली. बोलणं संपल्यावर तिनं मागच्या बाकाला विचारलं, तिकडं पोचलं का, आणि काय पोचलं ते फळ्यावर काढून दाखवायला तिथल्या मुलाला बोलावलं. खडू स्वतः हातात घेतला, पण काढलं ते त्या मुलाच्या हातानं काढावं तसं, जरा वाकडं: चौकटीला चौकट, शिवणीला शिवण, आणि मध्ये एक जागा कोरी. तिथून फळ्याचा काळाभोर रंग दिसत होता. मग तिनं योजना बाजूला सारली. रंगसंगतीचा भाग गेला. आता मुलांनी ठरवायचं होतं की आपल्या कापडात जागा कुठं सोडायची आणि तिथून काय दिसावं. ती बाकांमधून फिरली, शेवटच्या बाकापर्यंत, गुणांसाठी गेली नाही, तिथं कुणीतरी हात वर केला होता म्हणून गेली. घंटा झाली तेव्हा समारोपाचं एक वाक्य राहून गेलं होतं. तिनं ते राहू दिलं. वाकून नमस्कार केला. मधल्या परीक्षकानं फळ्याकडं पाहिलं, आणि तो पुसायला उठलेल्या मदतनिसाला हातानंच थांबवलं, क्षणभर.

बाहेर मैदानावर बर्फाचा पातळ थर होता. दासोम फाटकापर्यंत नीट चालत गेली आणि फाटकाबाहेर पडल्यावर पळत सुटली, परीक्षेचे काळे कपडे, हातात डबा, तोंडातून वाफेचे लोट, जणू कुणी मागं लागलंय. आणि मागं कुणी नव्हतं. फेब्रुवारीत सकाळी दहाला यादी लागली. ती तेव्हा आईच्या दुकानात होती. यादीत चिठ्ठीचे नव्हे, अर्जाचे क्रमांक होते; सहांत तिसरा तिचा होता. आईनं हातातली टोपली खाली ठेवली, हात पुसले, पुन्हा पुसले, आणि बाजारातल्या प्रत्येक गाळ्यावर जाऊन एकच वाक्य सांगत सुटली. परत यायला तिला दीड तास लागला. मा बाईंना फोन केला तर त्या पलीकडून काहीच बोलल्या नाहीत. दासोमनं त्यांना घाई केली नाही.

तर मंडळी, दासोमचं कल्याण झालं, तिच्यासाठी काही मागायला नको. मागायचं आहे ते एकच. ती पाठ द्यायला गेली तेव्हा मागं त्या वर्गात एकटी नववी उरली होती. नऊ उमेदवार, जागा सहा. तिचा क्रमांक यादीत होता की नव्हता, दासोमला कधीच कळलं नाही. नाव तर कुणाला सांगायचंच नव्हतं. सकाळपासून बसलेली, शेजारची सगळी बाकं रिती झालेली, आणि पुढं जाऊन पुन्हा रित्याच बाकांपुढं उभं राहायचं. घरी गेलात, दिवा लावलात, हात जोडलेत, की स्वतःचं मागून झाल्यावर घटकाभर थांबा आणि त्या मुलीची आठवण ठेवा.